लेझी की ईगर: फ्लोटिंग पॉइंट रजिस्टर कधी बदलायचे?

कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) एका प्रोसेसवरून, म्हणजे चालू प्रोग्रामवरून, दुसरीवर जातो तेव्हा फ्लोटिंग पॉइंट युनिटच्या (प्रोसेसरमधल्या दशांश गणिताच्या भागाच्या) रजिस्टरांचं, म्हणजे आकडे ठेवायच्या छोट्या जागांचं, काय करायचं? लिनक्सच्या एक्स८६ (इंटेल-एएमडी घराण्याच्या प्रोसेसरांसाठीच्या) कोडमध्ये याची दोन उत्तरं होती.

लेझी पद्धतीत जुन्या प्रोसेसचे रजिस्टर जागेवरच राहतात. कर्नल फक्त सीआर० या नियंत्रण रजिस्टरमधला टीएस बिट, म्हणजे युनिट वापरताच अडवणारी खूण, लावतो. नव्या प्रोसेसने युनिटला हात लावला की एक्सेप्शन येतं (प्रोसेसर काम थांबवून कर्नलला बोलावतो) आणि तेव्हा अदलाबदल होते. गणित क्वचित करणारे प्रोग्राम असताना हा हिशेब बरोबर होता.

पण आता स्ट्रिंग (मजकूर) कॉपी करायलाही एसएसई, म्हणजे याच अदलाबदलीत येणारे रुंद रजिस्टर वापरणाऱ्या सूचना, वापरतात, म्हणजे एक्सेप्शन वारंवार येणार. ईगर पद्धत प्रत्येक स्विचला सगळं बदलते. ऐकायला महाग वाटतं, पण रजिस्टर मेमरीत साठवणाऱ्या एक्ससेव्हऑप्टसारख्या सूचना न बदललेला भाग लिहीतच नाहीत. लिनक्स ४.६ पासून, २०१६ साली, ईगर सगळीकडे डीफॉल्ट झाली.

खरा निकाल जून २०१८ मध्ये लागला. सीव्हीई-२०१८-३६६५ या क्रमांकाने नोंदलेल्या सुरक्षा त्रुटीने दाखवलं की इंटेल कोअर प्रोसेसर एक्सेप्शन येण्याआधीच अंदाजाने पुढच्या सूचना चालवतात. लेझी पद्धतीत एका प्रोसेसची एईएस (एन्क्रिप्शनची) किल्ली एक्सएमएम० या एसएसई रजिस्टरमध्ये पडून असेल, तर दुसरी प्रोसेस तिचा माग कॅशेतून (प्रोसेसरच्या जलद मेमरीतून) काढू शकते.

माझं मत ईगरच्याच बाजूने आहे. मात्र ही पद्धत बदलणारा पॅच (कोडमधला बदल) तपासताना मी आधी फोर्कचा, म्हणजे एका प्रोसेसची प्रत काढून नवी मूल प्रोसेस बनवण्याचा, कोड उघडतो. तिथे पालक प्रोसेसचे रजिस्टर मेमरीत उतरवण्याआधीच मुलाची प्रत काढली, तर मुलाला शिळे आकडे मिळतात.