अप्रेझलचं सॉफ्टवेअर घेताय? आधी एका एचओडीचं ऐका (५ पैकी अडीच स्टार)

आमच्या कॉलेजनं जून २०२४ मध्ये ईआरपीसोबत (कॉलेजच्या सगळ्या कारभाराचं सॉफ्टवेअर) प्राध्यापकांच्या अप्रेझलचं, म्हणजे वर्षभराच्या कामाच्या मूल्यमापनाचं, मॉड्यूल घेतलं, आता एक अख्खं शैक्षणिक वर्ष त्यावर काढून झालंय म्हणून लिहितेय. कंपनीचं नाव घेत नाही. एक तर कॉन्ट्रॅक्ट अजून चालू आहे, आणि दुसरं म्हणजे डेमोला तीन कंपन्या आल्या होत्या, तिघांचे स्क्रीन बघून मला तर ती सख्खी भावंडंच वाटली, फक्त कुणाचा डॅशबोर्ड निळा तर कुणाचा हिरवा. त्यामुळे तुमच्याकडे दुसरी कुठली कंपनी आली तरी हे बहुतेक उपयोगी पडेल.

मी संख्याशास्त्राची एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, अनुदानित कॉलेज, तालुक्याचं गाव. डिपार्टमेंटला माझ्याशिवाय दोन कायम आणि दोन सीएचबीवाले, म्हणजे तासांवर मानधन घेणारे. म्हणजे वर्षाला चार माणसांबद्दल मला लिहायचं असतं, आणि त्या चार परिच्छेदांवर कुणाचं कॅस प्रमोशन (कायम प्राध्यापकांची बढतीची योजना) तर कुणाची पुढच्या वर्षीची नेमणूक अवलंबून असते. सीएचबीवाल्यांचं तर सरळच आहे, शेरा वाईट गेला की जूनमध्ये फोन येत नाही.

आधी काय होतं ते सांगते म्हणजे तुलना कळेल. मार्चअखेर पीबीएएसच्या, म्हणजे प्रत्येकानं भरलेल्या स्वतःच्या कामाच्या मूल्यमापनाच्या, फायलींचा गठ्ठा शिपाईमामा टेबलावर आणून आदळायचे, प्रत्येक फाईल दोन इंच जाड, त्यात सेमिनारच्या सर्टिफिकेटच्या झेरॉक्स, आणि शेवटच्या पानावर एचओडीच्या शेऱ्यासाठी चार ओळी. त्या चार ओळींत आम्ही सगळे एचओडी 'काम समाधानकारक आहे' लिहून मोकळे व्हायचो. मीसुद्धा. एका वर्षी तर मागच्या वर्षीचा शेरा बघून उतरवला आणि आमच्या मॅडमना 'ते वक्तशीर आहेत' लिहून सही ठोकली, प्राचार्यांची पण सही झाली त्यावर, कुणाच्या बापाच्या लक्षात आलं नाही. तेव्हा सॉफ्टवेअर आलं ते चांगलंच झालं असं मला मनापासून वाटलं होतं, हे आधीच सांगून ठेवते.

चांगल्या गोष्टी आधी. पुरावा वर्षभर मोबाईलवरून अपलोड करता येतो. ऑगस्टमध्ये वर्कशॉप झालं की ऑगस्टमध्येच फोटो टाकायचा, मार्चमध्ये कपाटं उलटीपालटी करायची नाहीत, आयक्यूएसीवाल्यांना (कॉलेजची गुणवत्ता समिती) नॅकच्या मूल्यांकनासाठी एका क्लिकवर पीडीएफ. हे एकदम झकास.

आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मी शेरा सबमिट केला की तो त्या प्राध्यापकाला त्याच्या लॉगिनला दिसतो आणि पंधरा दिवसांत त्याला उत्तर लिहिता येतं. पूर्वी गोपनीय अहवाल म्हणजे खरंच गोपनीय, ज्याच्याबद्दल लिहिलंय त्यालाच माहीत नसायचं. सुप्रीम कोर्टाचा २००८ चा देव दत्त निकाल आहे यावर, देव दत्त नावाच्या त्या इंजिनिअरला एका वर्षी 'गुड' शेरा मिळाला होता, वाईट नाही बरं का, गुडच, पण प्रमोशनला 'व्हेरी गुड' लागत होतं आणि त्या शेऱ्याबद्दल त्याला कुणी कळवलंच नव्हतं. कोर्टानं सांगितलं की प्रत्येक शेरा, चांगला असो वा वाईट, त्या माणसाला कळवलाच पाहिजे. समोरचा माणूस वाचणारे हे माहीत असलं की लिहिणाऱ्याचा हात आपोआप जपून चालतो, हा माझा स्वतःचा अनुभव. या एका फीचरसाठी दीड स्टार. पुराव्याचा एक. झाले अडीच, पुढे वाढत नाहीत.

आता कुरबुरी. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या रेग्युलेशनमध्ये अध्यापनाची ग्रेड कशी ठरते ते माहीत असेलच, नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के किंवा जास्त घेतले की गुड, ७० ते ८० समाधानकारक, त्याखाली नॉट सॅटिस्फॅक्टरी. म्हणजे तास झाला की नाही एवढंच मोजतात, तासात काय झालं ते नाही. यात सॉफ्टवेअरचा दोष नाही, नियमच तसा. पण नियम निदान मोघम तरी आहे, सॉफ्टवेअरनं त्याचा काटेकोर तराजू केला. आमच्या एका सरांचे ७९.६ टक्के भरले, तर डॅशबोर्डवर राउंड होऊन ८० दिसतात आणि खाली ग्रेड 'समाधानकारक'. सर मला स्क्रीनशॉट पाठवून विचारतायत, मॅडम संख्याशास्त्र तुमचं, मला समजावून सांगा. काय समजावणार! आणि ते तास बुडाले कशामुळे, तर नोव्हेंबरात विधानसभेची इलेक्शन ड्युटी, ट्रेनिंगं धरून. सॉफ्टवेअरमध्ये त्याला कॉलमच नाही, 'लेक्चर नॉट एंगेज्ड' एवढाच पर्याय. माणूस रात्रभर ईव्हीएम सांभाळत बसला आणि इकडे त्याच्या नावापुढे लाल ठिपका.

पण खरा संताप आला तो मॅटर्निटी लीव्हवरून. आमच्या एका मॅडम सहा महिने रजेवर होत्या. आठवड्याला १६ तास, ३० आठवडे, म्हणजे वर्षाचे ४८० तास हा आकडा सॉफ्टवेअरनं प्रत्येकाला सरसकट लावलेला, मॅडमनी घेतले २०१, उत्तर ४२ टक्के, नॉट सॅटिस्फॅक्टरी, लाल पट्टी. आता त्याच २०१८ च्या रेग्युलेशनमध्ये, ज्या तक्त्यावर हे सगळं बेतलंय त्याच तक्त्याखाली टीप आहे की मॅटर्निटी, चाइल्ड केअर, स्टडी, मेडिकल वगैरे पगारी रजांचा काळ ग्रेडिंगमधून वगळायचा आणि उरलेल्या काळावरून पूर्ण काळाचा हिशोब धरायचा. उरलेल्या काळात मॅडमना २१४ तास नेमलेले होते, म्हणजे खरं उत्तर ९४ टक्के. कंपनीला तिकीट टाकलं, म्हणजे ऑनलाइन तक्रार केली, तर उत्तर आलं 'सर, धिस इज ॲज पर डिझाइन'. सर! मग मी ते पान लाल पेनानं गोल करून फोटो काढून पाठवलं, तीन आठवड्यांनी दुरुस्त झालं. पण विचार करा, तक्त्याखालची टीप कुणी वाचलीच नसती तर? बाळंतपण म्हणजे खराब कामगिरी असं एका पीडीएफमध्ये कायमचं छापून राहिलं असतं, माझ्या डिजिटल सहीसकट.

बारीकसारीक आणखी आहे. पीअर रिव्ह्यूड (तज्ज्ञांनी तपासून छापणाऱ्या) जर्नलमधल्या पेपरला सायन्सला ८ आणि भाषा, मानव्यविद्यांना १० पॉइंट असतात, यांनी सगळ्यांना ८ च लावलेले, मराठीच्या सरांनी दोन पॉइंटांसाठी जो काही अर्ज लिहिला तो वाचण्यासारखा होता. यूजीसीनं मान्य जर्नलांची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, यांच्या फॉर्ममध्ये 'केअर लिस्टेड आहे का' हा प्रश्न अजून लाल फुली मारून मँडेटरी. असो.

विद्यार्थी फीडबॅकवर मात्र जरा थांबते, कारण सगळ्यात सुंदर दिसणारा आणि सगळ्यात घातक स्क्रीन तोच. विद्यार्थी पाचपैकी गुण देतात, सॉफ्टवेअर सरासरी काढतं, दोन दशांश स्थळांपर्यंत, आणि डिपार्टमेंटमध्ये क्रम लावून पहिल्याला सोनेरी मेडल देतं. आमच्याकडे मेडल मिळालं ४.८३ वाल्या सरांना, ४.१२ वाल्या मॅडम शेवटच्या. आत जाऊन बघितलं तर सरांना फीडबॅक देणारी पोरं सहा आणि मॅडमना अठ्ठावन्न. सहा पोरांच्या सरासरीला दोन दशांश! एफवायच्या पोरांनी हे प्रॅक्टिकलला केलं तर मी जर्नल परत देते. त्यातून फीडबॅक घेतला कधी, इंटर्नलचे मार्क लागले त्याच आठवड्यात, मॅडमनी मार्क कडक दिलेले.

आणि पोरांच्या कमेंट पण वाचा एकदा सलग बसून. सर कडक असतील तर 'शिस्तप्रिय', मॅडम कडक असतील तर 'खूप रूड'. हे काही आपल्याकडचंच नाही, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात एका ऑनलाइन कोर्सवर प्रयोग झाला होता, २०१५ मध्ये छापून आला, शिकवणारे तेच, फक्त काही गटांना नाव पुरुषाचं सांगितलं आणि काहींना बाईचं, तर पुरुषाच्या नावाला जास्त गुण पडले. टोरोंटोच्या एका विद्यापीठात तर २०१८ मध्ये लवादानं निकालच दिला की शिकवणं किती परिणामकारक आहे हे ठरवायला, तेही प्रमोशनसाठी, असे फीडबॅकचे आकडे वापरायचे नाहीत. माझं म्हणणं फीडबॅक बंद करा असं अजिबात नाही. पोरांना विचारायलाच पाहिजे, तास वेळेवर होतो का, फळ्यावरचं दिसतं का, शंका विचारली तर वसकन अंगावर येतात का, हे पोरंच सांगू शकतात. पण मेडल काढा हो ते.

आता शेऱ्याचा डबा, म्हणजे जे मूळ काम आहे ते. २५० कॅरेक्टर्स. मराठीत लिहिलं तर प्रत्येक काना-मात्रा वेगळा मोजतो, म्हणजे 'विद्यार्थ्यांच्या' एवढं लिहिलं की पंधरा-एक संपलेच. आणि शेजारी 'ऑटो रिमार्क' नावाचं बटन. दाबलं की इंग्रजीत गुळगुळीत दोन वाक्यं येतात, डेडिकेटेड आहे, सिन्सिअर आहे, टीम प्लेअर आहे, अजून सुधारणेला वाव आहे. मी चारही जणांसाठी दाबून बघितलं, तिघांना तंतोतंत एकच शेरा आला आणि चौथ्याला फक्त वाव नव्हता. पूर्वी 'समाधानकारक' लिहायला निदान हात तरी हलवावा लागायचा.

मी यंदा काय केलं ते सांगते, ज्यांना असे शेरे लिहावे लागतात त्यांच्यासाठी. सत्तर रुपयांची एक वही घेतली, प्रत्येकाला दहा पानं, महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पंधरा मिनिटं बसून तारखेसकट लिहायचं, नुसतं काय झालं तेवढंच. नाहीतर होतं काय, मार्चमध्ये ज्याच्याशी खटका उडाला त्याचं अख्खं वर्ष वाईट दिसायला लागतं आणि जुलैत कुणी काय केलं ते पार विसरलेलं असतं. सेमिस्टरला एकदा प्रत्येकाच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसले, आधी सांगून, चोरून नाही. आणि माणसाच्या स्वभावावर एक शब्द लिहायचा नाही असं ठरवलं. 'मॅडम तापट आहेत' हा शेरा नाही, ती चुगली झाली. त्याऐवजी 'सप्टेंबरमध्ये प्रॅक्टिकलच्या दोन बॅचेस न कळवता रद्द झाल्या, बोलल्यानंतर त्या भरून काढल्या, पुढे तसं झालं नाही' असं लिहिलं की तिलाही मान्य करावं लागतं आणि पुढच्या कमिटीलाही काहीतरी कळतं.

वहीतूनच मला कळलं की आमच्या एका सीएचबीवाल्या सरांनी ॲडमिशनच्या काळात एनईपीचे (नवं शैक्षणिक धोरण) ते मेजर, मायनर, ओई, व्हीएससी असे विषयांचे गट पोरांना समजावून सांगून फॉर्म भरून घेतले आणि दीडेकशे पोरांचे एबीसी आयडी (क्रेडिट जमा होणाऱ्या खात्याचे नंबर) स्वतःच्या मोबाईलचा डेटा खर्चून काढून दिले. सॉफ्टवेअरमध्ये यासाठी 'सर्टिफिकेट अपलोड करा' असं येतं. कुणाचं सर्टिफिकेट आणणार? त्यांचा तिथला स्कोअर शून्य होता. मी शेऱ्याला जोडपत्र म्हणून दोन पानी पीडीएफ जोडली (ती सोय आहे, 'अदर डॉक्युमेंट्स'मध्ये खाली लपलेली, शोधा) आणि त्यात तारखांसकट सगळं टाकलं. ते वाचून सर माझ्या केबिनमध्ये आले, म्हणाले मॅडम, तो शेवटचा परिच्छेद मला पटलेला नाही. तो त्यांच्या उशिरा येण्याबद्दल होता. एसटी साडेदहाची आहे, आधीची एसटी बंद झालीय, हे मला खरंच माहीत नव्हतं. टाइमटेबल बदललं आणि परिच्छेदात तेही घातलं.

परवा रिन्यूअलची मीटिंग झाली. प्राचार्य सरांनी विचारलं, "मॅडम, ठेवायचं का काढायचं?" मी म्हटलं, "सर ठेवा, पण वीसपेक्षा कमी पोरांनी फीडबॅक दिला असेल तर सरासरी दाखवू नका, इलेक्शन आणि विद्यापीठाच्या ड्युटीला कॉलम द्या, शेऱ्याचा डबा मोठा करा आणि ते ऑटोचं बटन आजच्या आज बंद करा." सर म्हणाले, बाकीचं कंपनीशी बोलून बघू. बटन मात्र ॲडमिन लॉगिनमधून लगेच बंद झालं, आता तिथे नुसती राखाडी चौकट दिसते. संध्याकाळपर्यंत दोन एचओडींचे फोन येऊन गेले, मॅडम, ते बटन कुठं गेलं हो?