दोन खेपा नीट झाल्या, तिसरीत बुडालो

ईव्ह ऑनलाइन हा अंतराळातल्या जहाजांचा ऑनलाइन खेळ खेळायला लागून मला जेमतेम पाच आठवडे झाले होते आणि माझे 30 कोटी इस्क, म्हणजे खेळातलं चलन, गेले. त्यातले 12 कोटी मी व्हेंचर या खाणकामाच्या छोट्या जहाजात बसून, वेल्डस्पार नावाच्या खनिजाचे दगड खोदून आणि विकून जमवले होते. उरलेले खिशातल्या खऱ्या पैशांतून आले होते, ते कसे ते पुढे सांगतो. ज्याने मला बुडवलं त्याने खेळाचा एकही नियम मोडला नाही, आणि मी तर स्वतःला फार सावध समजत होतो. म्हणूनच हे लिहितोय.

हा खेळ 2003 पासून चालू आहे आणि त्यातला बाजार जवळजवळ पूर्णपणे खेळाडूंच्या हातात आहे. जिटा ही त्याची मुख्य पेठ. तिथल्या लोकल चॅटमध्ये शिरलं की ओळी धावत असतात: एक कोटी पाठवा, लगेच दोन कोटी करून देतो. कॉन्ट्रॅक्टमध्ये किमतीला एखादं शून्य जास्त चिकटवून ठेवलेलं असतं. हे सगळं मी पहिल्याच आठवड्यात वाचलं होतं आणि फसणाऱ्यांना हसलोही होतो. त्याच चॅटमध्ये मी एकदा विचारलं, की मालवाहू जहाज घेतलंय, धंदा कुठून सुरू करू? आता वाटतं, कपाळावर पाटी लावून फिरलो असतो तरी एवढं कळलं नसतं.

एका वैमानिकाचा खाजगी संदेश आला. बोलायला गोड, घाई अजिबात नाही. मी न विचारताच त्याने जहाजावर कोणते भाग बसवावेत ते सांगितलं, आणि तो सल्ला खरोखर चांगला होता. मग म्हणाला, माझ्याकडे कुरिअरची छोटी कामं असतात, करशील का?

कुरिअर कॉन्ट्रॅक्ट असं चालतं: काम स्वीकारताच अनामत आपल्या खात्यातून कापली जाते. माल पोचवला की अनामत परत आणि वर मजुरी. मुदतीत पोचला नाही तर अनामत माल देणाऱ्याच्या खिशात. व्यवस्था रास्तच आहे, नाहीतर कोणीही माल घेऊन पसार होईल. पण ती माल नेणाऱ्यावर वचक ठेवते. माल देणाराच लबाड असेल तर काय, हा प्रश्न मला पडला नाही.

पहिली खेप एक कोटी अनामतीची, दुसरी अडीच कोटींची. दोन्ही हाय-सेकमधल्या, म्हणजे जास्त सुरक्षित भागातल्या, एकाच तळावर. दोन्ही वेळा मी आरामात डॉक झालो, म्हणजे जहाज तळात लावलं, गठडी उतरवली, पैसे जमा. तिसऱ्या खेपेची अनामत 30 कोटी आणि मजुरी तीन कोटी. माल महागाचा आहे, म्हणून तेवढी अनामत, असं त्याचं म्हणणं. माझ्याकडे तेवढे नव्हते. मग मी खऱ्या पैशांनी प्लेक्स, म्हणजे खेळात इस्क घेऊन विकता येणारी वस्तू, घेतले आणि जिटात विकून इस्क उभे केले. हे नियमात बसतं, पण मी आयुष्यात कधी खेळावर पैसे घातले नव्हते, आणि घातले ते यासाठी!

वाटेत लुटारू भेटतील म्हणून मी जीव मुठीत धरून गेलो. कमी सुरक्षेच्या प्रणाली, म्हणजे वाटेतले तसे तारामंडळांचे भाग, टाळल्या, ऑटोपायलट बंद ठेवला. काँकॉर्ड, म्हणजे खेळातलं पोलिस दल, हल्लेखोराला शिक्षा करतं, आपल्याला वाचवत नाही, हेही पाठ होतं. कोणी फिरकलंसुद्धा नाही. त्याच तळावर पोचलो आणि डॉक करायला परवानगी नाही असा संदेश आला. सर्व्हर अडखळत असेल म्हणून पाच-सहा वेळा दाबलं. मग बाहेर पडून पुन्हा लॉगिन केलं. तेच.

तो तळ खेळाडूंनी बांधलेला होता. 2016 पासून खेळाडू असे तळ उभारू शकतात आणि आत कोणाला घ्यायचं ती यादी मालक हवी तेव्हा बदलू शकतो. प्रणालीच्या नावापुढे तळाला नावही तो वाटेल ते देतो, त्यामुळे खेळातल्या मूळ स्थानकासारखं ऐकू येणारं नाव पाहून मी निर्धास्त होतो. पहिल्या दोन खेपा म्हणजे दार उघडं असल्याचा मला दिलेला पुरावा. मी काम स्वीकारल्यावर दार बंद झालं. गठडी माझ्याकडे, मुदत तीन दिवसांची, आणि ती दुसरीकडे कुठे उतरवायची सोय नाही.

कुरिअर घेताना पोचवायचं ठिकाण उघडून त्याची माहिती वाचा. मालक कोण आहे ते तिथे दिसतं. खेळातल्या स्वतःच्या स्थानकाला असं ऐनवेळी कोणी कुलूप लावू शकत नाही. ठिकाण खेळाडूचं असेल आणि तो ओळखीतला नसेल, तर कितीही वेळा आत जाऊन आला असाल तरी मोठी अनामत भरू नका. आणि ज्याला 30 कोटींचा माल हलवायचाय तो पाच आठवड्यांच्या पोराला का शोधतोय, हे मी विचारायला हवं होतं. तीन कोटी डोळ्यांसमोर नाचत होते, म्हणून विचारलं नाही.

तक्रारीचा विचार आला, तेव्हा आधी नियम वाचले. नवख्यांच्या सुरुवातीच्या प्रणालींमध्ये त्यांना गंडवायला मनाई आहे. दुसऱ्याचं सोंग घेणं, इस्क खऱ्या पैशांत विकणं, हेही चालत नाही. एरवी खेळाच्या आत कोणी कोणाला टोपी घातली तर तो खेळाचाच भाग. तक्रार लिहिलीच नाही.

मुदत संपली त्या रात्री मी त्यालाच लिहिलं. शिव्या दिल्या नाहीत. निदान खरे पैसे घातलेत तेवढे तरी परत दे, असं विनवलं. उत्तर लगेच आलं, तितकंच गोड. देतो की, म्हणाला, आणि दुप्पट करून देतो. आधी एक कोटी पाठव.