मुलांच्या मेसेजवर मर्यादा घालायची, तर कोणत्या रस्त्याने?

मूल आठवी-नववीत जातं, शिकवणी लागते आणि घरात त्याचा स्वतःचा फोन येतो. नागपुरात तो सहसा गरजेपोटीच येतो. घर मनीषनगरला, क्लास धरमपेठेत, मधे मेट्रो नाहीतर ऑटो. पोरगी पोचली की नाही हे कळायला हवं असतं. महिन्याभरात त्याच फोनवर क्लासचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, मैत्रिणींचे दोन-तीन ग्रुप जमतात आणि रात्री साडेअकराला चादरीखालून उजेड दिसू लागतो. काहीतरी बंधन हवं, इथवर सगळेच आई-बाबा येतात. कोणतं, यावर मात्र घोळ होतो. साधा फोन, घरचा नियम, ठरल्या वेळी फोन बंद करणारं फॅमिली लिंकसारखं कुलूप, अ‍ॅपमधल्या सेटिंग्ज आणि मेसेज वाचणं हे वेगवेगळ्या काळज्यांवरचे उपाय आहेत, आणि आपण हाताला येईल तो वापरतो.

म्हणून आधी काळजी कसली आहे ते ठरवा. झोप आणि अभ्यास जातोय याची? कुणी अनोळखी माणूस बोलतोय याची? की वर्गातली पोरं त्रास देताहेत याची? पहिलीसाठी वेळेची मर्यादा लागते, दुसरीसाठी माणसांची. तिसरीसाठी कुठलंच सेटिंग पुरत नाही, तिथे जवळ बसून बोलावंच लागतं.

दुसरं, मेसेज आणि व्हिडिओ यांना एकाच मापाने मोजू नका. व्हिडिओ अर्ध्यावर बंद केला तर कुणाचं अडत नाही. मेसेजच्या पलीकडे मैत्रीण बसलेली असते, तिला निळ्या टिका दिसतात, आणि सकाळी ती विचारते, "काहून गं, पाहूनही रिप्लाय नाही दिला?" चौदाव्या वर्षी हा प्रश्न जड जातो. त्यामुळे 'दिवसाला एक तास व्हॉट्सअ‍ॅप' हा पटकन सुचणारा नियम मेसेजच्या बाबतीत फार टिकत नाही. तास संध्याकाळी सहालाच संपतो आणि उद्याच्या प्रोजेक्टचं ठरतं आठ वाजता. मग रोज दहा मिनिटांसाठी घासाघीस होते. मिनिटं मोजण्यापेक्षा घड्याळातली वेळ ठरवणं मला कितीतरी बरं वाटतं, आणि पुढची तुलना मी त्याच नजरेने केली आहे.

साधा बटणांचा फोन

फक्त कॉल आणि एसएमएस. सहावी-सातवीपर्यंत याच्याइतका निश्चिंत पर्याय नाही. अनोळखी लोक, रात्रीच्या गप्पा, फोटो पाठवणं, सगळंच आपोआप टळतं. अडचण शिकवणी सुरू झाल्यावर येते. क्लासची वेळ बदलली, टेस्ट पुढे गेली, नोट्सची पीडीएफ आली, हे सगळं व्हॉट्सअ‍ॅप किंवा टेलिग्रामवरच येतं. आईचा नंबर ग्रुपमध्ये घालून काही महिने निभतं, पण आई ऑफिसात मीटिंगमध्ये आणि पोरगं बंद क्लासच्या दाराशी, असं एकदोनदा झालं की घरचेच स्मार्टफोन आणतात. मधला मार्ग म्हणजे बाहेर जाताना बटणांचा फोन आणि घरी एक जुना स्मार्टफोन, जो हॉलमध्येच राहतो. सातवी-आठवीसाठी मी हाच सुचवेन. दहावीनंतर तो ओढूनताणून चालवू नये. तोवर मूल मित्रांच्या फोनवर स्वतःचं अकाउंट उघडून बसलेलं असतं.

घरचा नियम: रात्री फोन हॉलमध्ये

खर्च शून्य, सेटिंग काही नाही, आणि झोपेच्या काळजीवर याच्याएवढा नेमका उपाय दुसरा नाही. १३ ते १८ या वयात ८ ते १० तास झोप हवी असते. वयात येताना मेंदूत झोपेची चाहूल देणारं मेलॅटोनिन रात्री उशिरा वाढू लागतं, म्हणून या मुलांना मुळातच झोप उशिरा येते. शाळेची वेळ काही पुढे सरकत नाही. मग जो तास हातातून जातो तो झोपेतून जातो, आणि त्या तासात बहुतेक वेळा मेसेजच चालू असतात. फोन सायलेंट करून उशाशी ठेवला तरी मन तिकडेच असतं. दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावला की प्रश्न मिटतो. 'अलार्मसाठी लागतो' ही सबब हमखास येते. सीताबर्डीवरून टेबलावरचं घड्याळ आणा.

हा नियम फसतो तो दोन ठिकाणी. पहिलं, बाबांचा फोन उशाशीच असतो. मुलं तेवढंच बघतात आणि बरोबर बघतात. ड्यूटीमुळे खरंच फोन जवळ लागत असेल, म्हणजे रेल्वेत, मेडिकलमध्ये, पोलिसात असाल, तर तसं सांगा आणि बाकी अ‍ॅपच्या सूचना बंद ठेवा. दुसरं, आपल्या घरी दहाला फोन बंद होतो आणि ग्रुप साडेबारापर्यंत चालू राहतो. सकाळी दोनशे मेसेज, सगळे विनोद होऊन गेलेले, आणि आपलं मूल एकटं बाहेर. या एकटेपणापायी चांगला नियम मोडतो.

यावर मला पटलेला उपाय एकच आहे, आणि तो कुठल्याही अ‍ॅपमध्ये नाही. त्या ग्रुपमधल्या चार-पाच मुलांच्या आयांनी एकमेकींना फोन करून एकच वेळ ठरवायची. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये हेच अख्ख्या गावासाठी केलं. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत टीव्ही, मोबाईल बंद. तिथे कुठल्याही पोराला 'माझेच आई-बाप असे' म्हणायला जागा राहत नाही. नागपुरात भोंगा नको, एक फ्लॅट स्कीम किंवा एका शिकवणीची बॅच पुरे. पाच घरांनी दहाची वेळ पाळली की ग्रुपच दहाला झोपतो. त्याच जोरावर क्लासच्या सरांनाही सांगता येतं की गृहपाठ रात्री पावणेअकराला टाकू नका, साडेआठच्या आत टाका. एकट्या पालकाने सांगितलं तर ते कटकट करणं वाटतं, दहा जणांनी सांगितलं की वेळापत्रक बदलतं.

फॅमिली लिंक आणि आयफोनचा स्क्रीन टाइम

घरी नियम पाळून घ्यायला कुणी मोठं माणूस नसेल, तर हे कुलूप फार उपयोगी पडतं. मिहानमध्ये रात्रपाळी करणारे आई-बाबा, एकटी आई, किंवा नातवाला नाही म्हणणं जिवावर येणारी आजी: या घरांत दहा वाजता फोन आपोआप बंद होणं ही मोठीच सोय.

अँड्रॉइडवर गुगलच्या फॅमिली लिंकमधून रात्रीची वेळ ठरवता येते, एखाद्या अ‍ॅपला वेगळी मर्यादा घालता येते, नवं अ‍ॅप टाकण्याआधी तुमची परवानगी मागितली जाते. फोन लॉक झाल्यावरही आलेला कॉल उचलता येतो, त्यामुळे 'अडचण आली तर?' ही भीती बाळगू नका. मेसेजमध्ये काय लिहिलंय ते फॅमिली लिंक दाखवत नाही, आणि मला ते योग्यच वाटतं. मुलाचं अकाउंट आधीपासूनचं असेल आणि वय तेरा पूर्ण असेल, तर हे जोडताना त्याला शेजारी बसवून त्याचा होकार घ्यावा लागतो. ती बैठक टाळू नका. कोणत्या वेळा, का, आणि केव्हा सैल होणार, हे त्याच वेळी बोलून घ्या.

आयफोनवर स्क्रीन टाइम आहे. त्यात कुणाशी संपर्क करता येईल यावर मर्यादा घालायची सोय आहे, पण ती ॲपलच्या फोन, फेसटाइम आणि मेसेजेसपुरती चालते. व्हॉट्सअ‍ॅपवर तिचा काही परिणाम होत नाही. आपल्याकडे सगळं बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवरच होत असल्याने ते सेटिंग लावून निर्धास्त झालेले पालक फसतात. आयफोन असेल तर 'डाउनटाइम' म्हणजे रात्रीची वेळ लावा आणि स्क्रीन टाइमचा पासकोड मुलाला माहीत असलेल्या कुठल्याही तारखेचा ठेवू नका.

अँड्रॉइडमधल्या डिजिटल वेलबीइंगची, म्हणजे स्वतःचा फोन-वापर मोजायच्या सोयीची, यांच्याशी गल्लत होते. तिथला टायमर मूल स्वतःच काढू शकतं. सतरा वर्षांच्या समजदार मुलाला तो चांगला, तेराव्या वर्षी त्याने काही थांबणार नाही.

अ‍ॅपच्या आतली कुंपणं

काळजी अनोळखी माणसांची असेल तर इथे वेळ घाला. रात्रीचं कुलूप त्या कामाचं नाही, तो माणूस दुपारी चारलाही मेसेज करू शकतो.

इन्स्टाग्रामची टीन अकाउंट्स भारतात फेब्रुवारी २०२५ पासून आली. त्यात अकाउंट आपोआप खाजगी असतं, मूल ज्यांना फॉलो करतं किंवा ज्यांच्याशी आधीच जोडलेलं आहे त्यांनाच मेसेज करता येतो, आणि रात्री १० ते सकाळी ७ सूचना बंद राहतात. सोळाच्या आतल्या मुलाला हे सैल करायला पालकांची परवानगी लागते. पालकांनी देखरेख जोडली तर गेल्या सात दिवसांत मूल कुणाशी बोललं ते दिसतं, काय बोललं ते दिसत नाही. स्नॅपचॅटच्या फॅमिली सेंटरमध्येही साधारण असंच आहे. नाव दिसणं पण मजकूर न दिसणं ही पालकत्वासाठी मला अगदी नेमकी रेघ वाटते. फक्त आधी अकाउंटमधलं जन्मवर्ष तपासा. पुष्कळ मुलांनी चौथी-पाचवीत असताना खोटं वर्ष टाकून अकाउंट काढलेलं असतं, आणि मग इन्स्टाग्रामच्या लेखी ते आज एकवीस वर्षांचे असतात.

व्हॉट्सअ‍ॅपची वयाची अट १३ आहे. तिथे दोनच गोष्टी लगेच करा: ग्रुपमध्ये कोण जोडू शकेल तिथे 'माझे संपर्क', आणि अनोळखी कॉल सायलेंट. टेलिग्रामकडे जास्त लक्ष हवं. क्लासच्या पीडीएफसाठी म्हणून ते फोनमध्ये येतं, पण तिथे नंबर माहीत नसतानाही युजरनेमवरून कुणीही गाठू शकतो आणि एका ग्रुपमध्ये दोन लाखांपर्यंत माणसं असू शकतात. नोट्सचं चॅनल ठेवा, नंबर 'कुणालाही नाही' करा, ग्रुपमध्ये जोडण्याची मुभा संपर्कांपुरती ठेवा.

मेसेज वाचणं

हा रस्ता मी सर्वांत शेवटी ठेवला आहे आणि तिथेच राहावा असं मला मनापासून वाटतं. तो पूर्ण चित्र देतच नाही. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये चॅट लॉक आहे, त्याला गुप्त कोड लावता येतो, मेसेज २४ तासांत आपोआप पुसले जातील असं ठेवता येतं, फोटो एकदाच पाहता येतो. जे उरतं ते वाचून पालक भलतेच निष्कर्ष काढतात. शिवाय त्या चॅटमध्ये दुसऱ्या कुणाच्या तरी मुलीने आपलं दुःख सांगितलेलं असतं, ते आपल्यासाठी लिहिलेलं नसतं. एकदा चोरून वाचल्याचं कळलं की मूल पुढची खरी अडचण घेऊन आपल्याकडे येत नाही, आणि हे नुकसान भरून यायला फार काळ जातो.

गुपचूप हेरगिरी करणारी अ‍ॅप तर टाकूच नका. ती बसवताना प्ले प्रोटेक्ट ही गुगलची घातक अ‍ॅप पकडणारी तपासणी बंद करायला सांगतात, ॲक्सेसिबिलिटीची, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं वाचण्याची, परवानगी मागतात. म्हणजे मुलाच्या फोनवरचं सगळं तुमच्याबरोबर त्या अ‍ॅपवाल्यालाही दिसतं, ओटीपीसकट.

अपवाद आहेत आणि तिथे मागेपुढे पाहू नये. कुणी पैसे मागतंय, फोटोवरून धमकावतंय, मोठ्या वयाचा माणूस भेटायला बोलावतोय, किंवा मूल जगणं नको असल्यासारखं लिहितंय, अशी शंका असेल तर मुलाला सांगून, त्याच्यासमोर फोन पाहा. काहीही डिलीट करू नका, स्क्रीनशॉट घ्या. धमकावणाऱ्याला पैसे पाठवू नका. पैसे गेले असतील तर १९३०, फोटोचा प्रकार असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टल किंवा शहराचं सायबर पोलीस ठाणं, मुलाच्या सुरक्षेसाठी १०९८, मनावर ताण असेल तर टेली-मानसचा १४४१६. असा फोटो 'पुरावा' म्हणून नातेवाइकांना फॉरवर्ड करू नका. अठराच्या आतल्या मुलाचं अश्लील चित्र पसरवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे.

कुणी काय निवडावं

सातवी-आठवी: बाहेर बटणांचा फोन, घरी हॉलमधला स्मार्टफोन. इन्स्टाग्राम थांबू शकतं.

नववी-दहावी: रात्री दहाला फोन हॉलमध्ये, मित्रांच्या घरांशी बोलून एकच वेळ, आणि अ‍ॅपमधली कुंपणं. घरी रात्री कुणी नसेल तर त्यावर फॅमिली लिंक. परीक्षेच्या महिन्यात फोन पूर्ण काढून घेण्याच्या मी विरोधात आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये मुलं एकमेकांना शंका विचारतात, धीर देतात. तेवढा आधार काढून घेऊ नये.

अकरावी-बारावी: कुलूप काढा, वेळ अकरा करा, फोन मात्र हॉलमध्येच. नीट किंवा जेईईच्या क्लासमुळे दिवस मोठा असतो, मित्रांशी बोलायला रात्रीच सापडते.

आणि मे महिन्याचा नियम सगळ्यांसाठी वेगळा लिहा. पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच पोरं बाहेर पडू शकत नाहीत, विदर्भात शाळाही जूनच्या शेवटी उघडतात. त्या दुपारी गप्पा मेसेजवरच होणार, होऊ द्या. बदल्यात सहानंतर फोन घरी ठेवून मैदानावर, नाहीतर अंबाझरीकडे. शाळा उघडायच्या आठवडाभर आधी रात्रीची वेळ पुन्हा नेहमीवर आणा, आणि त्या पाच घरांनाही तेव्हाच फोन करा.