बीज राखी घेतली, आता कुंडीत रोप आहे

ग्राम आर्ट प्रोजेक्टची बीज राखी यंदा भावासाठी मागवली आणि खरंच मनापासून आवडली. पारडसिंगाचे लोक बनवतात, म्हणजे आपलं काटोलजवळचं अनुसया मातेचं नाही हां, मध्य प्रदेशातलं, आधी छिंदवाडा आणि २०२३ पासून पांढुर्णा जिल्ह्यातलं, सौसर तालुक्यात, पण नागपूरहून काही लांब नाही. श्वेता भट्टड ही आर्टिस्ट, ती आणि गावातले शेतकरी, बाया मिळून हे काम करतात. सगळीकडे बीटी, म्हणजे जनुक बदललेला कापूस आणि दरवर्षी विकतचं बियाणं, त्यात हे लोक देशी कापूस लावतात, हाताने सूत काततात आणि त्याचीच राखी, आत बी.

२०१५ मध्ये यांनी शेतातच पिकं पेरून पंतप्रधानांचं मोठ्ठं चित्र उगवलं होतं, 'ग्रो इन इंडिया' म्हणत, तेव्हापासून मला यांचं कौतुक.

धागा मऊ आहे, रंग डोळ्यात खुपत नाही, प्लॅस्टिकची टिकली नाही की चमकी नाही. कुरिअरवाल्याने चार दिवस उशीर केला तेवढा त्रास झाला. सण झाल्यावर राखी कुंडीत वरवर मातीखाली दाबली, आठवड्याभरात कोंब आले, भावाने फोटो पाठवला तर मला भरूनच आलं. बाजारातल्या राखीपेक्षा महाग वाटेल, पण कातायला किती वेळ लागतो ते बघा. पुढच्या वर्षी पाच घेणार.