फ्रेम करून देतो म्हणाला आणि टोकनंच बदलली! सोलापूरकर संग्राहकांनो, सावध राहा

जुनी नाणी, बिल्ले, गेम पार्लरची टोकनं (मशीनमध्ये पैशांऐवजी टाकायच्या चकत्या) जमवणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं. मला फसवणाऱ्या फ्रेमवाल्याचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. पण तो नवीन गिऱ्हाईक शोधत असणार हे नक्की, म्हणून पद्धत सगळी सांगतो.

माझ्याकडे ६४ टोकनं होती, सगळी भरीव पितळाची. निम्मी इथलीच. नव्वदच्या दशकात नवी पेठेत आणि सात रस्त्याकडे 'मुस्तफा' हा व्हिडिओ गेम खेळायला आम्ही पोरं जायचो तेव्हाची, काही गड्ड्याच्या यात्रेतल्या स्टॉलवरची. बाकीची अमेरिकेची, मावसभावाने पाठवलेली आणि काही मी विकत घेतलेली. त्यात चक ई चीजची जुनी टोकनं होती. अटारी या व्हिडिओ गेम कंपनीच्या नोलन बुशनेल यांनी १९७७ मध्ये सॅन होजे इथे हे पिझ्झा आणि गेमचं दुकान सुरू केलं. त्यांच्या जुन्या टोकनांवर 'इन पिझ्झा वुई ट्रस्ट' असं कोरलेलं असतं. पुढे तिथेही टोकनं जाऊन कार्डं आली, म्हणून ही जपायची. ज्याला यातलं कळत नाही त्याला ती पितळेची चकती वाटते. ज्याला कळतं त्याला नेमकी कुठली उचलायची तेही कळतं.

नाण्यांच्या एका प्रदर्शनात त्याची ओळख झाली. बोलण्यात एकदम तयार. आम्लविरहित बोर्ड, यूव्ही रोखणारं अ‍ॅक्रिलिक, प्रत्येक टोकनाला वेगळी कॅप्सूल, धातू काचेला टेकू नये म्हणून मध्ये पट्टी, हे सगळं त्याने न विचारता सांगितलं. पीव्हीसीच्या पाकिटात पितळावर हिरवा चिकट थर येतो हेही त्यानेच सांगितलं. इतकी माहिती असलेल्या माणसावर कोण संशय घेईल? फ्रेम दोन्ही बाजूंनी पारदर्शक करायची असं ठरलं, म्हणजे टोकनाची मागची बाजूही दिसेल. कोटेशन १४,५०० रुपये. निम्मे, म्हणजे ७,२५० आगाऊ दिले. 'मापं घ्यायला सगळी टोकनं लागतील,' म्हणून डबा घेऊन गेला. मग अ‍ॅक्रिलिकचा भाव वाढला म्हणून २,६०० मागितले. मग विम्याचे १,००० आणि वर जीएसटी, असे १,१८०. पुढचं तुम्हाला माहीत आहे, बिल कधीच आलं नाही. शेवटी उरलेले ७,२५० घेतले. एकूण १८,२८० रुपये, सगळे यूपीआयने.

फ्रेम घरी आली तो क्षण आठवून मला आजही झोप लागत नाही. तीन गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर होत्या. पहिली, मागे अ‍ॅक्रिलिक नव्हतं, हार्डबोर्ड होता आणि चारी बाजूंनी टेप मारलेली. दुसरी, फ्रेमला व्हिनेगरसारखा वास येत होता. तिसरी, सगळी टोकनं एकसारखी लखलखत होती! पॉलिश करायचं नाही हे मी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिलं होतं, मेसेज आजही आहे. जुन्या पितळावर जो तपकिरी रंग चढतो तो घालवला की संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत गेली. मी विचारलं तर म्हणाला, "काका, काळी पडली होती की ओ, फ्रीमध्ये चमकवून दिली. मागून उघडू नका, वॉरंटी जाईल."

इथेच त्याला दारात उभं करून बोर्ड फाडायला हवा होता. पण घरात पाहुणे होते, सगळे फ्रेमचं कौतुक करत होते, आणि पैसे आधीच गेलेले. चारचौघांत भांडण काढणारा माणूस मी नाही. आणि पॉलिश नुसतं गिऱ्हाइकाला खूश करायला नव्हतं हे तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नसतं. प्रत्येक टोकनाचा डाग, ओरखडा, रंग मला तोंडपाठ होता. तो सगळा घासून काढला, म्हणजे बदललेलं टोकन ओळखू येणार नाही.

पावसाळ्यात टोकनांच्या कडेला हिरवट डाग दिसले तेव्हा मागचा बोर्ड काढला. कॅप्सूल एकही नाही. ६४ च्या ६४ टोकनं स्वस्त सिलिकॉनने चिकटवलेली. व्हिनेगरचा वास त्याचाच. हे सिलिकॉन वाळताना अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सोडतं आणि पितळातलं तांबं त्याने खराब होतं. मग चुंबक लावला. ११ टोकनं टपकन चिकटली. भरीव पितळ चुंबकाला चिकटत नाही, चिकटतं ते पितळाचा मुलामा दिलेलं लोखंड. माझी ११ अमेरिकन टोकनं गेली होती आणि त्यांच्या जागी हा भंगार माल होता. त्यातली ६ मी स्वतः ७,९०० रुपयांना घेतलेली, पावत्या आहेत. काम हातात आलं की तिथल्या तिथे चुंबक लावा. लाज वाटून घेऊ नका.

त्याचा फोन आधी उचलला जात होता, मग बंद. अक्कलकोट रोडचा गाळा रिकामा. शेजारचे म्हणाले, भाड्याने होता, सोडला.

आता पोलीस ठाण्याचं ऐका. समोरच्या हवालदाराने एक टोकन हातात घेतलं, त्यावरची इंग्रजी अक्षरं वाचली आणि म्हणाला, "साहेब, यावरच लिहिलंय की ओ, नो कॅश व्हॅल्यू. मग नुकसान कसलं?" अहो, त्याचा अर्थ पार्लरवाला या टोकनाचे रोख पैसे परत देणार नाही, एवढाच! माझ्या मालकीची वस्तू कुणीही उचलावी असा नाही. मी पावत्या दाखवल्या, मेसेज दाखवले. उत्तर एकच, 'सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा.' विश्वासाने हातात दिलेली वस्तू हडप करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली गुन्हा आहे, फसवणुकीसाठी ३१८ आहे. ही कलमं मी त्यांना सांगायची का? वर म्हणतात, "या वयात खेळण्याचे बिल्ले कशाला जमवता?" कुणाची सोन्याची अंगठी बदलली असती तर असं विचारलं असतं का? जमवणाऱ्याला वेड्यात काढायचं आणि चोराला मोकळं सोडायचं! त्या माणसाने हाच हिशेब केला होता, की या मालासाठी कुणी गुन्हा नोंदवून घेणार नाही. हिशेब बरोबर निघाला, याचाच संताप येतो.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला तर म्हणाले, तुम्ही स्वतःच्या हाताने पैसे पाठवलेत, हा सायबर गुन्हा नाही. बँकेचंही तेच. टेबलावरून टेबलावर फिरवलं, लेखी पोच कुणी देईना. पोच मागितली की आवाज चढतो. तरीही मागा. ठाण्यात तक्रार घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे वरिष्ठांना टपालाने पाठवता येते. मी पोलीस आयुक्तालयात रजिस्टर पोस्टाने पाठवली आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत २ वर्षं. तिथेही अर्ज तयार आहे.

टोकनांचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि वजन लिहून ठेवल्याशिवाय डबा हातातून सोडू नका. माझ्याकडे एकाच बाजूचे फोटो होते आणि मला प्रत्येक ठिकाणी तेच ऐकवलं गेलं. नग मोजून सहीची पावती घ्या. शक्यतो टोकनं देऊच नका, माप द्या, रिकामी फ्रेम आणा आणि घरी आपल्या हाताने भरा. गोंद, फेविक्विक, सिलिकॉन धातूला लावू देऊ नका. मागचा भाग स्क्रूने उघडणारा हवा, टेपने बंद केलेला असेल तर शेवटचा हप्ता देऊ नका.

गेलेल्या टोकनांपैकी एक ओळखण्यासारखं आहे. 'इन पिझ्झा वुई ट्रस्ट' लिहिलेल्या एका टोकनाला वरच्या कडेजवळ बारीक भोक आहे, मावसभावाच्या मुलीने गळ्यात घालायला पाडलेलं. पॉलिशने ते भोक जाणार नाही. सोलापुरात, पुण्यात, हैदराबादच्या बाजारात कुठेही दिसलं तर विकत घेऊ नका, विकणाऱ्याशी वाद घालू नका. दोन्ही बाजूंचा फोटो काढा आणि मला कळवा.