मुलाची पहिली पेटी (हार्मोनियम): साधी दोन सुरांची घ्या, पण हवा तपासून

दुकानात आधी पुढे येते ती स्केलचेंजर (पट्ट्या सरकवून सा बदलायची सोय) आणि कप्लर असलेली चकचकीत पेटी. सात-आठ वर्षांच्या मुलासाठी ती घेऊ नका. कप्लर चालू केला की एका बोटाने दोन पट्ट्या दाबल्या जातात. लहान बोटांत तेवढा जोर नसतो. मग मनगट आवळतं आणि ती सवय मोडायला फार त्रास पडतो. स्केलचेंजरने पेटी जड होते. शिवाय सगळं पांढरी एकच्याच (पहिली पांढरी पट्टी सा धरून) बोटांनी वाजत राहतं आणि काळी चारला सा धरायची वेळ आली की मूल अडतं.

साडेतीन सप्तकांची, खर्ज (जाड आवाजाचे) आणि नर (मधल्या आवाजाचे) अशा दोन सुरांची, म्हणजे आत वाजणाऱ्या पितळी जिभांच्या दोन संचांची, साधी पेटी या वयाला उत्तम. सूर गुजरातमधल्या पालिताण्याचे असतील तर चांगलंच, पण नावावर विसंबू नका, ऐका.

पॉलिश नंतर बघा. आधी हवेची वाट उघड-बंद करणाऱ्या सगळ्या खुंट्या आत ढकला आणि भाता मारा. तीन-चार झटक्यांत तो हाताला घट्ट लागून थांबला पाहिजे. ढिलाच राहिला किंवा आतून ‘सूंऽऽ’ ऐकू आलं, तर हवा गळते आहे. अशा पेटीवर मुलाचा सगळा जीव डाव्या हातातच जातो. मग सुरांची खुंटी उघडा आणि पट्टी न दाबता भाता हलवा. बारीकसा सूर उमटला तर एखाद्या पट्टीखालची झडप नीट बसलेली नाही. आता प्रत्येक पट्टी अगदी हळू दाबा. खर्जाचे सूर थोडे आळशी असतात, ते चालतं. मधल्या सप्तकातला सूर मात्र लगेच बोललाच पाहिजे. शेवटी दोन्ही सूर उघडून एकेक पट्टी धरून ठेवा. आवाज वाँव-वाँव असा हेलकावत असेल, तर दोन सूर आपसात जुळलेले नाहीत. ‘नंतर लावून देतो’ यावर उठू नका, समोर बसून लावून घ्या. सूर लावताना पितळी जीभ घासली जाते: टोकाला घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. प्रत्येक वेळी धातू कमी होतो, म्हणून हे काम जाणत्या कारागिराचंच.

मूल मांडी घालून बसलं की कोपर पट्ट्यांच्या खाली जाता कामा नये. जात असेल तर मुलाखाली घोंगडीची घडी द्या.

पावसाळ्यात लाकूड फुगून पट्टी अडकते, दाबल्यावर वर येत नाही. जोर लावू नका, तेल तर मुळीच घालू नका. पेटी कोरड्या खोलीत ठेवा आणि रोज दहा मिनिटं वाजवा. एखादाच सूर घोगरा झाला तर बहुधा जिभेत कचरा असतो. पातळ कागदाची पट्टी हलकेच सरकवली की निघतो. उचलताना भात्याला धरू नका.

आणि पेटीत मींड, म्हणजे एका सुरातून दुसऱ्यात अखंड सरकणं, नाही. गळ्यासाठी तानपुरा लावून सा वेगळा लावून घ्याच.