गुडघ्यातलं सिमेंट, 11 महिन्यांनंतर

उजवा गुडघा बदलून परवा 11 महिने झाले. 'हिची अक्कल गुडघ्यात' असं माझा भाऊ लहानपणापासून म्हणतो. आता तिथे सिमेंट आहे म्हटल्यावर त्याला नवा विनोद शोधावा लागतोय. इम्प्लांटबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते इम्प्लांट ज्यात रोवतात त्या बोन सिमेंटबद्दल, कारण तो पदार्थ माझ्या रोजच्या हाताखालचा. गेली 22 वर्षं मी डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवते.

ऑपरेशन पाठीत इंजेक्शन देऊन झालं. कमरेखाली बधिर, वर पूर्ण शुद्धीत, मध्ये हिरवा पडदा. करवत, हातोडी, सगळं ऐकून झालं (भूलतज्ज्ञांनी गाणी लावू का विचारलं होतं, मी उगीच नको म्हटलं). आणि अचानक पडद्यापलीकडून माझ्या लॅबचा वास आला. तोच, नाकात ठाण मांडून बसणारा, ॲक्रिलिकच्या लिक्विडचा, ज्याला आम्ही मोनोमर म्हणतो. मी विचारलं, "मोनोमर उघडलात का?" क्षणभर ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) कुणी काही बोललंच नाही.

हे सिमेंट म्हणजे पॉलीमिथाइल मेथाक्रिलेट. कवळीच्या गुलाबी हिरड्या ज्याच्या असतात, तेच ॲक्रिलिक. साधारण 40 ग्रॅम पावडर, 20 मिली लिक्विड. पावडरीत बेन्झॉइल पेरॉक्साइड असतं, ते लिक्विडला भेटलं की मिश्रण घट्ट व्हायला लागतं. हाडासाठीच्या मालात एक्स-रेत दिसावं म्हणून बेरियम सल्फेट किंवा झिरकोनियम डायऑक्साइड घालतात, आणि काही प्रकारांत जेंटामायसिन हे अँटिबायोटिक. 1950च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी खुब्याचा सांधा बसवायला हे वापरायला घेतलं, तेही दातांच्या साहित्यातले जाणकार डेनिस स्मिथ यांच्या सल्ल्याने. म्हणजे आमच्याच आळीतून गेलेला माल. हे कळल्यावर मला उगाच अभिमान वाटला.

नाव मात्र फसवं आहे. हे चिकटवत नाही, अडकवतं. हाडाच्या जाळीतली छिद्रं पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन कोरडी करायची, त्यात हे पीठ दाबायचं आणि घट्ट झालं की ते तिथेच रुतून बसतं. रक्त किंवा चरबी मध्ये राहिली तर पकड कच्ची. ओलसर साच्यात ॲक्रिलिक नीट उतरत नाही, हे आमच्या लॅबमधलं कालचं पोरही सांगेल.

त्या काही मिनिटांत ओटीचा सूरच बदलला. सिस्टर मोठ्याने मिनिटं मोजत होत्या. मिश्रण आधी हातमोज्याला चिकटतं, मग कणकेसारखं सुटं होतं. लावायची वेळ तीच. लवकर लावलं तर पसरतं, उशीर झाला तर दाबलं जात नाही. ओटी गार असेल तर सगळंच लांबतं. धातूचे भाग बसल्यावर सर्जननी पाय सरळ धरून दाबून ठेवला आणि सगळे थांबले. उरलेला गोळा ट्रेवर होता. सिस्टर तो अधूनमधून आपटून बघत. आधी थप्प, मग ठप्प, आणि शेवटी खणखणीत टक्! "झालं," सर्जन म्हणाले. लॅबमध्ये मीही हेच करते.

आता तक्रार. संमतीपत्रात सिमेंटबद्दल एक ओळ होती, बस. मोनोमरमुळे माझ्या बोटांची टोकं वर्षानुवर्षं फुटतात, तो साध्या हातमोज्यातून आरपार जातो. ॲक्रिलिकची ॲलर्जी आहे का, हे कुणी विचारलंच नाही. ऑपरेशनआधीच्या शेवटच्या भेटीत मीच विषय काढला. मग पॅच टेस्ट (त्वचेवर पट्टी लावून ॲलर्जी बघतात ती) झाली, ॲलर्जी निघाली नाही, नुसती चुरचुर होती. ॲक्रिलिक नखं लावणाऱ्या, नेलपार्लरमध्ये काम करणाऱ्या, कवळ्या घडवणाऱ्या सगळ्यांनी हे आधीच सांगावं. सिमेंटविना बसणारे सांधेही असतात.

पुढचा गोंधळ माझाच. गुडघा पाचेक महिने हाताला गरम लागायचा. ॲक्रिलिक जमताना तापतं, जाड गोळा 70-80 अंशांवर सहज जातो, हे मला तोंडपाठ. मी घरी जाहीर करून टाकलं की आत सिमेंट अजून तापतंय. सर्जन हसले. हाडावरचा थर काही मिलिमीटरचाच असतो, त्याची उष्णता त्या दहा-पंधरा मिनिटांत रक्त आणि धातू ओढून घेतात. माझी ऊब होती जखम भरण्याची. पायऱ्या उतरताना येणारी टकटकही सिमेंटची नाही, धातू-प्लास्टिकची. ताप, गळणारी जखम, अचानक वाढलेलं दुखणं असतं तर त्याच दिवशी जायला सांगितलं होतं.

खरा धोका मी आत्याच्या वेळी पाहिला. वय 84, खुबा मोडलेला, हृदय आधीच दमलेलं. मांडीच्या हाडाच्या पोकळीत सिमेंट दाबलं आणि तिचं बीपी धाडकन खाली आलं, ऑक्सिजनही. दाबामुळे मज्जा, चरबी, हवा शिरांत ढकलली जाते आणि फुप्फुसात अडकते. क्वचित हृदयही थांबतं. भूलतज्ज्ञ तयारीत होते म्हणून निभावलं. एक रात्र आयसीयूत काढून ती वॉर्डात आली आणि चहा मागितला. माझ्या वेळी "सिमेंट घेतोय" असं सर्जन मोठ्याने म्हणाले होते आणि डोक्याशी उभे असलेले भूलतज्ज्ञ "हो, घ्या" म्हणाले होते. तेव्हा मला तो शिष्टाचार वाटला होता. गुडघ्यात हा प्रकार खुब्यापेक्षा कमी होतो, पण म्हातारं माणूस, खुब्याचं फ्रॅक्चर, कमजोर हृदय-फुप्फुस असेल तर 'सिमेंट लावताना काय तयारी ठेवणार?' हे आधी जरूर विचारा.

पिचलेल्या मणक्यातही हेच सिमेंट सुईने भरतात. तिथे भीती गळतीची: मज्जारज्जूच्या बाजूला किंवा शिरेत गेलं तर महागात पडतं. शिवाय 2009 मध्ये आलेल्या दोन चाचण्यांत नुसत्या देखाव्याच्या उपचाराइतकाच फरक दिसला, तेव्हा तिथे मी दुसरं मत घेतल्याशिवाय हो म्हणणार नाही.

माझ्या गुडघ्याचं म्हणाल, तर मी रोज चालते, मांडी घालत नाही, लॅबमध्ये उंच स्टूल घेतलंय. पुढच्या महिन्यात वर्षाचा एक्स-रे. त्यात धातू आणि हाडाच्या मध्ये सिमेंटची पांढरी पट्टी दिसते. तिच्या कडेला काळी रेघ रुंदावत गेली तर सैल होत असल्याची शंका घेतात. मागची फिल्म सोबत नेणार आहे, दोन्ही शेजारी शेजारी लावून दाखवा म्हणणार आहे.